सशाची साक्ष

फ्रीगंज, उज्जैन
डिसेंबर १९५६

प्रिय श्रीपाददादा,

चिंधीवर माणसाच्या दुधाची खूण सापडली नाही, असं तू एका ओळीत लिहिलंस आणि खाली ऐटीत सही ठोकलीस. आधी मला फक्त माणिकचा संशय होता, आता तुझाही येतोय. दिवाळीत आलास तेव्हा तुझ्या प्रयोगशाळेच्या काय फुशारक्या मारल्यास! सशाला माणसाचं दूध टोचलं की त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, ती माणसाच्या दुधातलं प्रथिन नेमकं ओळखतात, नळीत पांढरं कडं उमटतं. वाळलेला डागही चालतो म्हणालास, म्हणून तर माणिकनं दिलेल्या दुधात बुडवून वाळवलेली चिंधी पाठवली.

टायफॉइडनंतर माझं दूध आटलं, हे तुला ठाऊक आहेच. मध्यभारत संपलं, कचेरी भोपाळला हलली, तिच्यामागे हेही गेले. वरच्या मजल्यावरची माणिक आपल्या तान्ह्या मुलीबरोबर माझ्या बाळालाही पाजायला तयार झाली. पण माझं बाळ दुसरीच्या छातीशी मला बघवेना. सरळ मत्सर म्हण. म्हणून ती वाटीत दूध काढून पाठवू लागली. वाटी रोज काठोकाठ भरलेली, तिच्या दाराशी बकरी बांधलेली, आणि बाळाचं वजन काही वाढेना. कुणाच्याही मनात पाल चुकचुकली असती.

तुझं पत्र ऐकून सासूबाईंनी टावर चौकात भाजी घेता घेता चार बायकांना सांगून टाकलं, की माणिक आपलं म्हणून बकरीचं दूध पाठवते. माणिक खाली आली. भांडली नाही. "वहिनी, मी झूठी आहे, असं खरगोशानं सांगितलं का?" एवढंच विचारलं आणि वर जाऊन दार लावून घेतलं. तेव्हापासून बाळाला गवळ्याचं दूध देतोय. प्यायलं की ओकतं.

काल जिन्यात बाळ रडत होतं आणि ती पाण्याला निघाली होती. रडणं ऐकताच तिचं पोलकं भिजलं. तिनं पदर ओढला आणि मान वळवून निघून गेली. तरी माझं मन म्हणालं, अंगावर दूध असणं वेगळं आणि वाटीत तेच घालणं वेगळं. इतकी मी कोती झालेय.

आज सकाळी शेगडीवर दूध ठेवताना मात्र हात थांबला. आमच्याकडे कुठलंही दूध उकळल्याशिवाय सासूबाई ठेवू देत नाहीत. माणिकची वाटीसुद्धा आली की आधी शेगडीवर. चिंधी मी त्या उकळलेल्या दुधात बुडवली होती. तू विचारलं नाहीस, मला सांगायचं सुचलं नाही. तू मुंबईत अंडी खातोस हे मी आईला सांगितलेलं नाही, तेव्हा खरं सांग. अंडं उकडलं की पुन्हा पातळ होत नाही, तसंच दुधातल्या त्या प्रथिनाचं होतं का? मग तुझ्या सशाला ते कसं ओळखू येणार?

येत नसेल, तर तसं स्वच्छ मराठीत लिही. ते मी सासूबाईंना आणि त्या चार बायकांना वाचून दाखवीन. माणिकचं नाव तुझ्या कागदानं गेलं, ते तुझ्याच कागदानं परत यायला हवं. आणि ओळखू येत असेल, तर उत्तर पाठवूच नकोस. तुझ्या टपालाची वाट पाहण्याइतकी ताकद बाळात उरलेली नाही. हे पाकीट टाकून आले की मी त्याला घेऊन वर जाणार आहे आणि तिच्या मांडीवर ठेवणार आहे. तिनं दार उघडलं तर.

तुझीच,
विनू