कडूबाची चौकशी

तीर्थपुरी
ता. ६ नोव्हेंबर २००३

प्रिय भुजंगराव यांस,
बद्रीनाथचा सप्रेम रामराम वि. वि.

इकडे सर्व ठीक. कापसाची वेचणी चालू आहे. बाया मिळत नाहीत, आणि मिळाल्या तर आपल्यालाच चार गोष्टी ऐकवतात. तुमच्या ताईंचा गुडघा दुखतो, पण विचारलं की दुखत नाही म्हणतात. सौ. उषाबाई आणि लेकरं खुशाल असतील. चि. प्रभा शिक्षणासाठी तुमच्या घरी राहते, तिचा त्रास होत असेल तर कळवा. होत असला तरी तुम्ही कळवणार नाही, हे मला ठाऊक आहे.

हे पत्र बंद पाकिटात धाडतो आहे, कारण इथला पोस्टमन कार्ड वाचून झाल्याशिवाय घरी देत नाही. फोन केला असता, पण एसटीडीवाला भिवा काचेला कान लावून बसतो.

परतूरच्या साहेबरावांकडून प्रभासाठी सोयरीक आली आहे. मुलगा संपत, जालन्यात ट्रॅक्टरच्या शोरूमला नोकरीस आहे. फोटोत बरा दिसतो. फोटोत सगळेच बरे दिसतात. मुलाला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही असं साहेबराव बसल्या बैठकीत इतक्यांदा म्हणाले की मला तिथंच शंका आली. पुढं एका अडत्याकडून कळलं की हा मुलगा रोज संध्याकाळी कुठल्याशा खोलीत दार लावून बसतो आणि आतून मारामारीचे आवाज येतात. जुगार असेल, दारू असेल, आणखी काही असेल. तुम्ही बिलकुल ओळख न देता पाहून या. चौकशी पुरी होईपर्यंत आपण मुलीचा फोटो देत नाही, त्यामुळं त्यांच्यातलं कोणी प्रभाला ओळखत नाही, तुम्हालाही नाही. मुलाचा फोटो सोबत आहे. प्रभालाही दाखवा, पण जास्त बोलू नका.

आमचे वडील कडूबाआबा असते तर मला ही चिंता नव्हती. घरातल्या प्रत्येक सोयरिकीत आबा होणाऱ्या जावयाला ओसरीवर सोंगट्या खेळायला बसवत, त्याला हरवत, आणि मग चहा पीत त्याच्या तोंडाकडं बघत राहत. जिंकताना सगळे सारखेच दिसतात, माणूस हरताना पाहावा, असं ते म्हणायचे. होकार असो की नकार, शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी तो खेळ प्रभाला शिकवला, मला नाही. एकुलती एक पोर आहे, भुजंगराव. माझा माणूस ओळखण्यात चूक झाली तर भोगायचं तिला आहे.

उत्तर पाकिटातच धाडा. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

आपला,
बद्रीनाथ


जालना
ता. १४ नोव्हेंबर २००३

ती. दाजी यांच्या सेवेशी,
भुजंगचा शि. सा. न. वि. वि.

आपलं पाकीट पोचलं. डिंकावर डिंक लावला होता, त्यामुळं फोडताना अर्धा फोटो फाटत होता. ताईला म्हणावं, गुडघ्याला निर्गुडीचा पाला गरम करून बांध.

खोली सापडली. दाजी, जुगार नाही, दारू नाही. बंदुका आहेत. पण घाबरू नका, त्या पडद्यावर आहेत. ती जागा म्हणजे पाशामियाँचा सायबर कॅफे. योग असा की आपली प्रभा ज्या कंप्युटर क्लासला जाते तो याच इमारतीत वरच्या मजल्यावर आहे आणि तोही पाशामियाँचाच. त्यांची मैमूना प्रभाची मैत्रीण आहे. त्यामुळं भाचीला न्यायला आलोय म्हणून मला खुर्ची मिळाली आणि कोणाला संशय आला नाही.

गेम असा आहे. आपण स्वतः पडद्यावर दिसतच नाही, नुसती हातातली बंदूक दिसते. पुढं लोखंडी बोळ, जिने आणि खाली उकळता लाल रस. प्रत्येक जण आपल्या केबिनमध्ये कानाला हेडफोन लावून बसतो, पण सगळे धावतात त्याच बोळातून, आणि दिसेल त्याला उडवतात. मेलेला माणूस लगेच दुसऱ्या कोपऱ्यात उठून पळायला लागतो. कोणी कोणाला मारलं ते नावानिशी वर उमटतं. वेग एवढा की नुसतं पाहून माझं डोकं गरगरलं आणि बाहेर येऊन लिंबूपाणी प्यावं लागलं.

खेळणाऱ्यांना गोडीत विचारलं. इंजिनिअरिंगचा एक मुलगा म्हणाला की यात इचार करायला टाइमच भेटत न्हाई, म्हणून डोकं शांत होतं. औषधाच्या दुकानातले एक गृहस्थ येतात. ते म्हणाले की दिवसभर गिऱ्हाइकाची बोलणी खाऊन राह्यलो, इथं निदान उलटून मारता येतं. पाशामियाँ आपल्या बोलीत म्हणाले की पहले चक्कर आता, मंग घर का रास्ता भी धीमा लगता.

संपत तंबाखूसुद्धा खात नाही. बोलायला चांगला, हसरा. पण एक गोष्ट मला खटकली. योगायोगानं आबांच्याच नावाचा, कडूबा म्हणून कोणी एक खेळाडू आहे. संपत रोज त्याच्या हातून मरतो आणि रोज त्यालाच शोधत येतो. हा कडूबा कोण, हे कोणालाच माहीत नाही. मी सगळ्या केबिनींत डोकावलो, त्या नावाचा माणूस नाही. वरच्या क्लासच्या मशिनीही याच वायरीला जोडलेल्या आहेत, पण वर त्या वेळी मुलींची बॅच असते, तेव्हा तिथं असण्याचा प्रश्नच नाही. पाशामियाँना विचारलं तर ते मिशीत हसले आणि चहा मागवला. मला ते हसणं बरोबर वाटलं नाही.

बाकी क्षेम. ताईला नमस्कार. माया आहे तशी ठेवावी.

आपला,
भुजंग


तीर्थपुरी
ता. १९ नोव्हेंबर २००३

प्रिय भुजंगराव यांस,
रामराम वि. वि.

पत्र वाचून दोन घास कमी गेले. मेलेला माणूस लगेच उठतो हे तुमच्या ताईंना पटलं, मला पटलं नाही. पण ते राहू द्या.

कडूबा हे नाव आपल्या भागात गल्लोगल्ली सापडेल, हे मला कळतं. तरी सोयरीक माझ्या घरची आणि नाव नेमकं माझ्या वडिलांचं, हा योग मला रुचत नाही. तो संपतनंच उभा केलेला माणूस तर नाही? आपली चौकशी चालू असल्याचा सुगावा लागून साहेबरावांनी आबांचं नाव हुडकून काढलं असेल, आणि आपल्याला गुंगवायला हा खेळ मांडला असेल. किंवा तो कोणी अट्टल बदमाश असेल आणि पोरगा पुरता त्याच्या कह्यात गेला असेल. जो माणूस सगळ्यांना मारतो आणि स्वतः तोंड दाखवत नाही, तो सरळ असूच शकत नाही. शिवाय आबांचं नाव घेऊन कोणी लोकांना पाठीमागून गोळ्या घालत असेल तर ते मला खपणार नाही. आबांनी उभ्या हयातीत साप मारला नाही.

तुम्ही स्वतः त्या खेळाला बसा. चक्कर आली तर येऊ द्या. कडूबा कोण ते कळेपर्यंत साहेबरावांना माझं उत्तर जाणार नाही. प्रभाला यातलं काही कळू देऊ नका, पोरींच्या पोटात गोष्ट राहत नाही.

लोभ आहे, तो कामाला लावावा.

आपला,
बद्रीनाथ


जालना
ता. २९ नोव्हेंबर २००३

ती. दाजी यांच्या सेवेशी,
भुजंगचा शि. सा. न. वि. वि.

आपल्या आज्ञेनं खेळाला बसलो आणि आता उषा मला घरात घ्यायला तयार नाही. परवा मोरीकडं जाताना मी भिंतीला पाठ लावून आधी डोकावून पाहिलं. ती पाठीमागं कपडे घेऊन उभी होती. विचारायला लागली की ऑफिसात काही केलंत का.

मशीन सुरुवातीला नाव विचारतं. खोटं नाव घालायला मन झालं नाही, म्हणून भुजंग असंच घातलं. त्या बोळात उभा राहिलो की जीव मुठीत धरावा लागतो. हेडफोनात कोणाची तरी पावलं वाजतात, डावीकडून की उजवीकडून ते समजेपर्यंत आपण मेलेलो असतो. इंजिनिअरिंगच्या पोरानं मारलं, औषधवाल्यानं मारलं, एकदा मीच मला मारलं. पण दाजी, लाज वाटते सांगायला, उठून यावंसं वाटत नाही. पन्नाशीला आलेल्या माणसाला इतकं पळायला दुसरं कुठं मिळणार?

आता मुद्द्याचं. कडूबा भेटला. मी एका कोपऱ्यात तोंड करून अडकलो होतो, वळलो तर तो समोर. बंदूक माझ्यावर होती. त्यानं गोळी झाडली नाही. वरती माझं नाव वाचलं असावं. तो जागच्या जागी खाली बसला, उठला, पुन्हा बसला, उठला, जसं कोणी वाकून नमस्कार करतं, आणि निघून गेला. लगेच पुढच्या बोळात त्यानं संपतला उडवलं.

मी केबिनीतून उठून संपतचं तोंड पाहिलं. आबांची परीक्षा माझ्या ध्यानात होती. पोरगा हसत होता. हेडफोन काढून म्हणाला की उस्ताद हाय, कोण हाय त्याला एकदा चहा पाजायचा. इतक्यांदा हरून ज्याच्या मनात खुन्नस नाही, त्याला आबांनी पास केलं असतं. कडूबा कोणी का असेना, माणूस रीतीभातीचा आहे, बदमाश असता तर मला नमस्कार केला नसता. माझं मत आहे की होकार द्यावा. घरी येताना प्रभानं सहज विचारलं की खाली ते लोक हरले की काय करतात. मी संपतचं सांगितलं तर गालातल्या गालात हसली. फोटो तिच्या पुस्तकात आहे, उषानं पाहिलाय. मला वाटतं पोरीच्या मनात आहे.

माझ्या डोळ्यांची आग होते, त्याचं औषध ताईला विचारून कळवावं, आणि जीव लावावा तसाच लावत राहावं.

आपला,
भुजंग


जालना
ता. ९ डिसेंबर २००३

ती. बाबांना,
प्रभाचा सा. न. वि. वि.

मामांकडून कळलं की त्यांच्या शब्दावर तुम्ही साहेबरावांना येत्या रविवारी घरी बोलावलं आहे. त्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावं म्हणून आजच टाकते. पाकीट मीही दोनदा चिकटवलं आहे.

बाबा, कडूबा मी आहे.

क्लासचा अभ्यास संपला की वरच्या मशिनीवर खेळायला मला मैमूनानं शिकवलं. मुलीचं नाव घातलं की खालचे लोक चिडवतात, म्हणून तिनं दुसरं नाव घालायला सांगितलं. मला पहिल्यांदा आबाच आठवले. तुम्ही म्हणाल बंदुकीचा खेळ पोरीला कशाला. बंदुकीचं मला काही नाही. पण त्या वेगात दुसरा कुठून येणार हे आधी ओळखायचं असतं, आणि ते जमलं की आबांच्या ओसरीवर बसल्यासारखं वाटतं. तिथंही खेळणाऱ्याच्या पाठीला डोळे असावेत, असं ते म्हणायचे. मामांना मी कसं मारणार होते? नमस्कार केला.

संपतचा फोटो आला तेव्हा मी त्याला ओळखलं. क्लासच्या जिन्यावरून खाली दिसायचा. मग मी मुद्दाम त्यालाच हरवत राहिले. खोटं कशाला सांगू, तो हसत हरायचा ते मला आवडायचं. फोटो पुस्तकात ठेवला होता तो उगीच नाही.

मागच्या शुक्रवारी वीज गेली. आम्ही मुली खाली उतरलो, केबिनीतले सगळे बाहेर आले. संपत मोठ्यानं म्हणाला की आज कडूबाला चहा पाजल्याबिगर जाणार न्हाई, असंल तिथून समोर ये. मी पुढं झाले. तो हसला आणि माझ्यामागं कोण उभं आहे ते पाहायला लागला. मैमूनानं सांगितलं की हीच ती. मग त्याचं तोंड बदललं, बाबा. आधी म्हणाला की वरच्या मशिनी चांगल्या असतील. मग म्हणाला की कोणीतरी पोरीला मागून शिकवून राह्यलं. चहा आला होता, त्यानं कपाला हात लावला नाही. वरची वायर काढा, नाहीतर मी माझ्यासंगं खेळणारी सगळी पोरं दुसरीकडं नेतो, असं पाशाचाचांना ठणकावलं. जाताना मला म्हणाला की बापानं हेच शिकायला धाडलं का. तो बाप कोण, हे त्याला माहीत नव्हतं.

चाचांनी दुसऱ्या दिवशी वायर काढली. मला रडू आलं, पण वायरीसाठी नाही.

तुम्ही म्हणाल तसं मी करीन. पण आबा असते तर त्यांनी त्याचं तोंड नेमकं कोणत्या वेळी पाहिलं असतं, एवढं मनात आणा. आईच्या गुडघ्याला जपा, आणि माझ्यावर रागवायचं ते सावकाश रागवा.

तुमची,
प्रभा

ता. क. दाजी, पत्र प्रभानं मला वाचायला दिलं. मी पाशामियाँकडं जाऊन आलो, अक्षर न् अक्षर खरं आहे. सगळ्या केबिनी धुंडाळल्या आणि एक जिना चढलो नाही. — भुजंग


तीर्थपुरी
ता. १२ डिसेंबर २००३

चि. प्रभा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला, तो तू चोरून खेळलीस म्हणून. तुझ्या आईनं मला पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा राग तोच होता, पण ज्याच्यावर यायचा तो माणूस बदलला होता. मी पोस्टमनवर, भिवावर, पाशामियाँवर सगळ्यांवर संशय घेतला, आणि नेमका जिथं घ्यायला हवा तिथं डोळे झाकून रविवार ठरवून बसलो. साहेबरावांना लिहिलं आहे, त्याची नक्कल सोबत धाडतो. नाताळच्या सुट्टीत आलीस की सोंगट्या काढू. मला शिकव.

तुझा,
बाबा


(नक्कल)

तीर्थपुरी
ता. १२ डिसेंबर २००३

श्री. साहेबराव यांस, मु. परतूर,
बद्रीनाथचा रामराम वि. वि.

रविवारी येण्याची तसदी घेऊ नये. आपलं घर चांगलं आहे, आपला मुलगा निर्व्यसनी आहे हेही खरं निघालं. परंतु आमच्या घरी सोयरिकीत शेवटचा शब्द कडूबांचा असतो, आणि त्यांचा नकार आला आहे. कडूबा कोण म्हणून आपण विचाराल. ते आपल्या चिरंजीवांना विचारावं, त्यांची भेट झालेली आहे.

कापसाच्या बाजारात भेट होईलच, तेव्हा रामराम तेवढा चालू ठेवावा.

आपला,
बद्रीनाथ कडूबा