कान्होबाचं बूड

ति. खुशालमामाले,

रंजूचा वाकून नमस्कार. मामीची कंबर आता कशी आहे? आम्ही सारे बरे आहो असं लिहा लागते म्हणून लिहिते. खरं तर मी मोठ्या भानगडीत अडकली आहे. (फोनवर सांगितलं असतं, पण घरात फोन एकच, तो बाबाच्या खिशात. आणि बाबाले तर कळूच द्यायचं नाही. शेजारचा प्रीतमदादा रोज तुमच्या वरठीले कामावर येते, त्याच्या हाती चिठ्ठी देऊन राहिली.)

यंदा आमच्या सिहोऱ्याच्या शाळेत मातीकामाचा तास सुरू झाला. मले वाटलं, तलावाच्या चिखलात वाढलो आपण, माती काय नवी आहे? पण चाकावरची माती लय बदमाश, मामा! पहिली वाटी उडाली ते सरळ ममताच्या वेणीत. दुसरी बसली, तिसरी वाकली. रुचिता मॅडम दर वेळी म्हणत, माती मधोमध आण. (मधोमध कुठं, तेच तर कळत नव्हतं!) शेवटी रागानं वाटीचा गोळा केला आणि त्याचा कान्होबा बनवला. एक गाल फुगलेला, बासरी मुळ्याएवढी. मॅडमनं तो भट्टीत भाजला. ज्याची वस्तू त्यानं बुडाले नाव कोरा लागते, म्हणून मी खिळ्यानं कोरलं होतं: रंजू, नववी ब.

बाबा रोज विचारे, काय बनवलं, दाखव. असं ध्यान कसं दाखवू? भट्टीत फुटलं म्हणून सांगितलं, आणि जन्माष्टमीचे गावाचे कच्च्या मातीचे कान्होबा तलावात शिरवले तेव्हा गर्दीत माझाही हळूच सोडला. सगळ्यांसंगं तोही विरघळेल, सुटले मी! भाजलेली माती विरघळत नाही हे मॅडमनं घसा फोडून सांगितलं होतं. मले आठवलं कधी? घरी येऊन काला खाताना.

दुसऱ्या दिवशी बाबाच्या जाळ्यात मासोळ्यांसंगं कान्होबा आला, अख्खा. तलावाच्या पारीवर मंदाबाई भांडे घासत होती. तिनं जे बोंबलणं सुरू केलं, "देव वापस आला वो! जायाले नाही म्हणते!" अर्धं गाव जमा झालं. आता आमच्या दारात दोन टाइम आरती, नारळाचा ढीग. ज्या बाबाले मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत कोणी बस म्हणत नव्हतं, त्याले आता पहिली खुर्ची. तो मात्र नुसता कान्होबाले चिकटून बसते. काल तो जेवत असताना मंदाबाई देवाले उचलून अंघोळ घालायले निघाली. माझा जीवच गेला, बुडाचं नाव दिसलं असतं! तोंडाले आलं ते बोलली, काकू, देवाले सर्दी झाली आहे. तिनं खरं मानलं. आता कान्होबा मफलर बांधून बसला आहे.

मामा, हसू नका. हे बाहेर आलं तर लोक बाबाले जन्मभर चिडवतील, आणि ते मले पाहवणार नाही.

तुमची भाची,
रंजू

ता. क. : खरं काम हे. शनिवारी देवासाठी ओटा बांधून राहिले, आणि गवंडी बाहेरचा पाहून राहिले. तुम्ही असताना बाहेरचा काहून? आधीच या, आणि कान्होबा सिमेंटमध्ये असा बसवा का त्याचं बूड कोणाच्या बापाले दिसलं नाही पाहिजे.

ता. क. दुसरा : घात झाला! प्रीतमदादानं चिठ्ठी बाबाच्याच हाती दिली. बाबानं पुरी वाचली. मी म्हटलं, आता चप्पल. तर म्हणते, "मी जाळ्यातून काढला तेव्हाच नाव वाचलं. फुटला म्हणे! पोरीनं पहिल्यांदा काही बनवलं, चिखलात काहून राहू देऊ? दुपट्ट्यात लपवून घरीच आणत होतो, तेवढ्यात ते मंदाबाई बोंबलली!" मग चिठ्ठी वापस देऊन म्हणाला, "लिही खुशालले, सिमेंट भरपूर टाक म्हणा. पण आधी बुडाले प्लास्टिकची पन्नी लाव. नाव खराब झालं नाही पाहिजे."