मिझोरामच्या सुनेचा व्हिसा

इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
दि. ४ ऑगस्ट

ती. वैजयंताअक्का,

धाकटा भाऊ नागोराव याचा सविनय जय भीम. दाजींनाही सांग. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत आणि तिकडे नांदेडात तुझे गुडघे, दाजींची शुगर आणि अंगणातला पेरू, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. धरून चालतो अशासाठी, की गेली दोन वर्षं तुझा फोन लागत नाही. मी लावला की रिंग पूर्ण वाजते आणि बंद होते. आमच्या लेकीने, संघप्रियाने लावला की मात्र आत्याबाई पहिल्याच रिंगला उचलतात. माझ्याच मोबाइलमध्ये काहीतरी बिघाड असणार. म्हणून शेवटी कागद घेतला. कंपनीच्या आवक-जावक विभागात तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं नोंदवली, त्यामुळे पत्र लिहायला बसलो की हात आपोआप कोपऱ्यात जावक क्रमांक टाकतो. (टाकला होता. तुझ्या भावजयीने, शेवंतीने, खोडायला लावला.)

तू रवीसाठी दाजींच्या पुतणीचं जवळजवळ नक्की केलं होतंस, मुलगी एम.ए. बी.एड. होती, आणि आमचे चिरंजीव जहाजावरून उतरले ते फिलिपिन्सच्या मारिसेलला घेऊन, हे सगळं मला मान्य आहे. तो क्रूझवर स्वयंपाकी, ती तिथेच बेकरीत. पाव भाजता भाजता जमलं, त्याला मी काय करणार. लग्नाला तू आलीस, फोटोत उभी राहिलीस आणि न जेवता गेलीस. त्या पुतणीचं पुढे परभणीला छान झालं असं कळलं. तेव्हा त्या विषयावर मी काही लिहीत नाही. (लिहिलं ते एवढंच.)

लिहायचंय ते वेगळं. परदेशी सून घरात असणं हे कागदोपत्री किती कष्टाचं काम आहे, ते तुझ्या कानावर घालावं म्हणतो. तिला इथे कायमचं राहण्यासाठी एक कार्ड लागतं. त्याचा अर्ज लग्न नोंदवून दोन वर्षं झाल्याशिवाय करता येत नाही. आमची दोन वर्षं फेब्रुवारीत भरली, मार्चमध्ये अर्ज गेला. पण अर्ज गेला म्हणजे माणूस कायदेशीर झाला असं नाही. कार्ड येईपर्यंत जुना व्हिसा जिवंत ठेवावा लागतो, आणि तो संपत होता तीस जूनला. म्हणजे एका अर्जाची वाट बघत बसता यावं म्हणून दुसरा अर्ज करायचा. रवी नऊ महिन्यांसाठी जहाजावर गेलेला. जाताना त्याने तिची फाइल माझ्या हातात दिली आणि म्हणाला, बाबा, एवढं सांभाळा. अक्का, त्या पोराने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अनुभवाची कदर केली. मी त्याच दिवशी रजिस्टर आखलं. रोज सकाळी चहाच्या आधी पासपोर्ट काढून व्हिसाची तारीख बघायचो, कालची तीच आहे ना याची खात्री करायला.

पहिली अडचण फोटोची. अर्ज ऑनलाइन, आणि फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर हवा. खालीच स्टुडिओ आहे, पण मी त्या माणसाला ऐकवलं की असली कामं आमच्याकडे घरी होतात. मी आणि शेवंतीने पांढरी चादर दोन टोकांना धरली, संघप्रियाने मोबाइलवर फोटो काढला. पहिल्यात चादरीच्या वर शेवंतीची बोटं आली. दुसऱ्यात मारिसेल हसली, आणि हसलेलं चालत नाही. तिसऱ्यात तिने हसू नये म्हणून मी तिला दाजींच्या सेलूच्या बदलीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, तर तिचे डोळे मिटले. सहावा छान आला, पण तो आकाराने जड आहे म्हणून ती वेबसाइट घेईना. संघप्रियाने हलका केला तर माणूस ओळखू येईना. खालच्या स्टुडिओत जायला आता तोंड नव्हतं, म्हणून रिक्षा करून मीरा रोडला पार पूनम सागरपर्यंत गेलो. तिथल्या पोऱ्याने चार मिनिटांत काम केलं आणि मला विचारलं, काका, एवढं साधं काम, अडलं कुठे होतं? मी पावती मागितली.

अर्ज गेला. आता पोलिस घरी येऊन बघणार की ही बाई या पत्त्यावर खरंच राहते का. इथे मला एक गोष्ट कबूल करावी लागेल, आणि दोष शेवंतीचा आहे हे आधीच लिहून ठेवतो. मारिसेल या घरात आली त्या पहिल्या दिवशी लिफ्टमध्ये समोरच्या मिनलबेन भेटल्या. त्यांनी विचारलं, "नई बहू नॉर्थ-ईस्ट की है क्या?" शेवंतीला हिंदीत मोठं बोलायचा कंटाळा. फिलिपिन्स कुठे, जहाज कुठलं, पाव कसले, हे सगळं तिसऱ्या मजल्यापर्यंत सांगून होईल का याचा तिने हिशेब केला आणि म्हणाली, "हाँ." मिनलबेन म्हणाल्या, "कौन सा, मिझोराम?" शेवंती म्हणाली, "वही."

त्या एका 'वही'वर दोन वर्षं गेली. मिनलबेन मनाने फार चांगल्या. त्यांनी मोबाइलवर बघून मिझोरामचं जेवण शिकून घेतलं, त्यातलं मांस काढून टाकलं, आणि जे उरलं ते (बहुतेक भात) दर रविवारी डब्यात घालून आणायला लागल्या. मारिसेल बिचारी थँक्यू म्हणून खायची. तिला वाटायचं ही गुजरातची पद्धत. पुढे सव्वीस जानेवारीला सोसायटीने 'आपला देश' कार्यक्रम ठेवला. सेक्रेटरी बाबाजी गुरव (राजापूरचे, नियमाचा माणूस) घरी येऊन म्हणाले, मिझोराम तुमच्याकडे. मारिसेलला वाटलं, आपल्या गावाकडचं काहीतरी करून दाखवा म्हणतायत. तिने दोन बांबू आणवले, आणि लहानपणी शिकलेला त्यांच्याकडचा नाच केला. बांबू आपटतात आणि त्यामधून उड्या मारत जायचं. आता अक्का, मिझोराममध्येही असाच बांबूचा नाच असतो, हे मला काय ठाऊक? मिनलबेनना ठाऊक होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सोसायटीने पहिला नंबर दिला, वर एक मोठा कॅसरोल.

आणि मग जूनच्या मध्यावर हवालदार आले. आम्ही नेमके घरात नव्हतो. माझी दाढ काढायला नया नगरच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. (दाढ एक, पण सोबत तिघी; मी धीराचा असलो तरी त्यांना भीती वाटते.) हवालदारांनी समोरची बेल वाजवली, फोटो दाखवला आणि विचारलं, ही फिलिपिन्सची बाई इथे राहते का? मिनलबेन भडकल्या. म्हणाल्या, "ये अपनी मिझोरामवाली बहू है. चेहरा अलग है तो सीधा फॉरेनर बोल देंगे? शरम नहीं आती?" त्यांनी त्या माणसाला दारात उभं करून देशाच्या एकतेवर वीस मिनिटं सुनावलं. मग बाबाजींना बोलावलं. बाबाजींनी सोसायटीच्या लेटरहेडवर लिहून दिलं की सदर महिला भारतीय असून आमच्या सोसायटीत एकही परदेशी नागरिक राहत नाही. खाली सही, शिक्का, तारीख. इतकं मुद्देसूद पत्र मी तीस वर्षांत क्वचित पाहिलंय.

तीन दिवसांनी ईमेल आला. पडताळणीत तफावत आढळली आहे, सात दिवसांत खुलासा करा. व्हिसा संपायला बारा दिवस होते. संघप्रियाने ते मोठ्याने वाचलं. मारिसेल उठून आत गेली. अर्ध्या तासाने मी बघायला गेलो तर तिची बॅग भरून झाली होती. कपडे घडी घालून, चपला कागदात गुंडाळून, सगळं जागच्या जागी. मला म्हणाली, "बाबा, जहाजावर असंच असतं. करार संपला की बॅग तयार ठेवायची, मग उतरताना रडायला वेळ मिळत नाही." हे ती साध्या आवाजात म्हणाली. मी बाहेर आलो आणि रजिस्टर उघडून बसलो, पण त्यात काय लिहायचं ते सुचेना. अक्का, रवीने सांभाळायला दिलेली ती एक फाइल. आणि शेवंतीने दुपारपासून चूलच पेटवली नव्हती.

सकाळी मी पोलिसांकडे गेलो. हवालदार भला माणूस, बीडकडचा निघाला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, माझ्याकडे शिक्क्याचं पत्र आहे की बाई भारतीय आहे. भारतीय असेल तर तिला व्हिसा कशाला? आणि परदेशी असेल तर हे पत्र खोटं." मी म्हटलं, बाई घरात आहे, येऊन बघा. तो म्हणाला, "बघतो की. पण फाइलला बाई लागत नाही, पत्र लागतं. ज्यांनी हे लिहिलंय त्यांच्याकडूनच दुसरं आणा."

म्हणजे सोसायटीपुढे कबुली देणं आलं. संध्याकाळी पार्किंगमध्ये मीटिंग बोलावली. मी आधी प्रास्ताविक केलं. तीन पानी होतं, पहिल्या पानावर शेवंतीने माझ्या हातातून कागद घेतला आणि म्हणाली, "मिनलबेन, वो मिझोराम की नहीं है. मैं झूठ बोली. लिफ्ट में." बाबाजींचा चेहरा उतरला. पहिल्यांदा ते स्वतःच्या शिक्क्याबद्दल बोलतील असं मला वाटलं, पण त्यांनी मुद्दा काढला कॅसरोलचा. स्पर्धा भारतातल्या राज्यांची, मग परदेशी नाचाला बक्षीस कसं? त्यावर पाऊण तास चर्चा झाली. एक जण म्हणाला कॅसरोल परत घ्या. दुसरा म्हणाला वापरलेला कसा घेणार. शेवंती म्हणाली झाकण मी अजून काढलेलं नाही. मी म्हटलं, अहो, इथे माणूस देशाबाहेर जायची वेळ आलीय, तर म्हणाले, काका, विषयपत्रिकेनुसार जाऊ द्या.

मिनलबेन एवढा वेळ शेवंतीकडे पाठ करून बसल्या होत्या. तेवढ्यात मारिसेल स्वतःच खाली आली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "काकी, मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं." मिनलबेननी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दो साल मैं वो फीका चावल बना के लायी. तू खायी क्यों?" ती म्हणाली, "आपने बनाया था." मग मिनलबेन बाबाजींकडे वळल्या आणि म्हणाल्या, "लेटरहेड निकालो."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्यासोबत पोलिसांकडे आल्या. नवीन पत्र दिलं आणि वर तोंडी साक्षही दिली: सून सकाळी किती वाजता दूध घेते, कपडे कुठल्या दोरीवर वाळत घालते, रवीचा फोन आला की बाल्कनीत कुठल्या कोपऱ्यात उभी राहते. तासाभराने हवालदार म्हणाला, "ताई, पुरे. एवढं तर मी माझ्या घरचंही सांगू शकणार नाही." संध्याकाळी तो येऊन गेला. मारिसेल बोंबील साफ करत होती. त्याने दारातूनच बघितलं, रिपोर्ट लिहिला, आणि जाताना कसे करता ते विचारून गेला. सत्तावीस जूनला मुदतवाढ आली. व्हिसा संपायला तीन दिवस असताना. मी ती प्रिंट काढून शेवंतीच्या हातात दिली. तिने वाचली नाही, डोळ्यांना लावली. मारिसेलने बॅग उपसायला घेतली. भरायला अर्धा तास लागला होता, उपसायला तिने दोन दिवस घेतले. मी एकदा विचारलं, काही मदत करू का, तर म्हणाली, नको बाबा, हळूहळू काढते.

तर असं आहे. दाजींच्या शुगरला जपा. गोळ्या तू लपवून ठेवतेस आणि मग तुलाच सापडत नाहीत, असं संघप्रिया सांगत होती.

तुझा धाकटा,
नागोराव

ता. क. व्हिसाचं झालं, पण कायमच्या कार्डाचं अजून अडलेलंच आहे. लग्नाला हजर असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकाने समक्ष येऊन सही करायला हवी, असं त्यांचं म्हणणं आहे. मी लग्नाचे फोटो बाहेर काढून पाहिले. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांत स्पष्ट दिसतेस ती तूच. (तोंड दुसरीकडे आहे, पण कान ओळखू येतो.) तेव्हा सरकारी काम म्हणून तुला यावं लागेल. माझ्यासाठी ये असं मी म्हणत नाही. आठ दिवस तरी लागतील, अशा कामाला वेळ लागतो. तिकीट काढलं की कळव.

ता. क. २. शेवंती म्हणते, आठ नाही, पंधरा दिवस लिहा.

आत्याबाई, जय भीम. मी मारिसेल. पत्र मी पोस्टात टाकते, म्हणून वाचलं. चुकलं तर माफ करा. संघप्रियाताई मला अक्षर शिकवते. सही लागत नाही. कार्ड शुक्रवारी आलं. बाबांनी ते कपाटात ठेवलं आणि सगळ्यांना सांगितलं, अक्काला कोणी बोलू नका. तुम्ही या. बाबांना सांगू नका मी सांगितलं. सही करायला आले, असंच म्हणा. कुठे करायची तो कागद मी तयार ठेवते.