सुमीचा श्वास आणि आक्काचा विळा

शहापूर, सोमवार, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

आमची दोन वर्षांची सुमी आज पुन्हा रडता रडता निळी पडली, श्वासच थांबला. थोरल्या आक्कानं सकाळपासून चुलीत तयार ठेवलेला विळा उचलला. "पोटावर डाग देऊ दे रं, न्हायतर पोर जाईल!"

"आधी मला डाग," म्हणत मी आडवा आलो. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सुमीला कुशीवर निजवलं आणि शेजारच्या घरातल्या हातमागाचे ठोके मोजले. मागल्या खेपेसारखेच वीस. मग तिनं आपण होऊन श्वास घेतला.

आक्का फणकारली, "ठोके मोजून पोर वाचती व्हय?"

न्हाय वाचत. पण डागून तरी? माझ्याही पोटावर लहानपणचे दोन डाग आहेत, गुण कुठला?

उद्या वीस ठोक्यांत श्वास आलाच नाही तर? भीती वाटतेच. तरी तापलं लोखंड माझ्या पोरीला लावू देणार नाही.