नवरीचं नाव

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

आईने आज चारचौघींत माझी शोभा केली.

शेजारच्या मालूकाकीच्या भाचीची, दिपिकाची हळद. मांडव बायांनी भरलेला. आई धवलारीण — आमच्या आणि आसपासच्या गावांतली लग्नं तिच्या धवल्यांशिवाय, लग्नगीतांशिवाय, लागत नाहीत. सगळे तोंडपाठ. आज नवरीचं नाव घ्यायच्या जागी तिने 'हेतल' म्हटलं. माझं नाव! एकदा नाही, प्रत्येक कडव्यात. बाया हसायला लागल्या. कुणीतरी ओरडलं, "धवलारनीला लेकीच्या लग्नाची घाई झाली गो!"

मी एकतीस वर्षांची आहे. न्हावा शेवा बंदरात क्रेनची देखभाल करते. लग्न करायचं नाही, हे तिला शांतपणे सांगून झालंय. त्यावर तिचं हे उत्तर — भर मांडवात, गाऊन!

गाडीत म्हटलं, "मुद्दाम केलंस."

घरासमोर उतरताना ती म्हणाली, "चुकलं गो बाय."

नाटक.


रविवार, २३ फेब्रुवारी

गावी गेले नाही. मागच्या रविवारीही नाही. काम होतं.

नव्हतं.


रविवार, ९ मार्च

गेले. तिने भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधूनच ठेवली होती. हळदीचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.

तांदूळ काढायला पिंप सरकवलं तर मागे जुन्या लुगड्यात गुंडाळलेली तीन पातेली. तळ काळेठिक्कर. एकाचा तर वाकून बाहेर आलेला — पाणी आटून गेल्यावरही गॅस बराच वेळ चालू राहिला असणार.

"हे काय?"

"जुनी हायत. भंगारवाल्याला देयाची."

एका पातेल्यावर दुकानाचं स्टिकर होतं. अर्धं जळलेलं.

मी पातेली होती तशी परत गुंडाळली. डबा घेतला आणि निघाले. का निघाले? ट्रेलरच्या रांगेत अडकायला नको म्हणून. खरंच हेच कारण होतं.


सोमवार, १० मार्च

एका क्रेनचा अलार्म सारखा वाजत होता. ऑपरेटरने तो बंद करून टाकला — "मॅडम, सेन्सर खराब आहे." मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. अलार्म वाजला की आधी क्रेन तपासायची, सेन्सरवर नंतर संशय घ्यायचा.

दोरखंडच पुलीवरून सरकला होता.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला तेव्हा आठवलं. 'चुकलं गो बाय.' माझ्या आईने आयुष्यात कुणापुढे 'चुकलं' म्हटलेलं मला आठवत नाही. ते ऐकलं तेव्हाच थांबायला हवं होतं.


रविवार, १६ मार्च

आईकडे जायच्या आधी शेजारी मालूकाकीकडे गेले. ती खाडीतले मासे, निवटे, साफ करत बसली होती. सरळ विचारलं, आईचं काय चाललंय?

"आता इचारतंस?" मान वर न करता म्हणाली. "दोन वर्सं झाली."

"कशाला?"

"नवरीचं नाव सुटतं तिच्या तोंडून. गानं समदं हाय गो, देव हायत, गाव हाय — नाव तेवढं जातं. आनि नाव गेलं का तुजंच नाव घेते. आमी मागशी बसतो, जोरान खरं नाव गातो. कोनाला कलत नाय. दिपिकाच्या येलेला मी घरची, कामात. मागं कोन नवतं." मग हसली. "किती नवऱ्या तुज्या नावान लगीन लावून सासरी गेल्या, तुला काय ठाव!"

मला हसता आलं नाही.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगायला तू थांबतंस कवा? डबा घेतंस नि गाडी चालू!"

गॅसचंही तिला माहीत होतं. जळका वास आला की तीच जाऊन बंद करायची. पातेली लपवायला आईनेच सांगितलं — "पोरीला नको कलायला. ती मना घरात बंद करील."

हळदीहून येताना गाडीत मी आईला जे म्हटलं ते मालूकाकीला सांगितलं नाही. इथे लिहिलंय तेवढंच.


शुक्रवार, २१ मार्च

पनवेलला डॉक्टरांकडे. त्यांनी वार विचारला. आई म्हणाली, "वार सुट्टीवाल्यांना इचारा. आमाला समदे सारके." डॉक्टर हसले, मीही हसले असते. मग त्यांनी तीन वस्तू लक्षात ठेवायला सांगितल्या. थोड्या वेळाने विचारल्या. आईने माझ्याकडे बघितलं — मांडवात मागे बघत असेल तसं.

मी गप्प बसले. बसावंच लागतं. चाचणी आहे.

निष्कर्ष: दिवसा एकटं ठेवू नका. गॅस नको.

भावाला, हरेशला, पुण्याला फोन केला. "तू जवळ आहेस ना," तो म्हणाला. हो. जवळच होते.


मंगळवार, १ एप्रिल

आईला सांभाळायला दिवसा निशा, रात्री मी. निशा कळंबोलीची, आधी दोन म्हाताऱ्यांचं केलेली, चांगली वाटते. माझ्या रोडपालीच्या फ्लॅटवरून कपडे आणले. एकाच बॅगेत मावतील एवढेच — हे मी ठरवून केलं नव्हतं, बॅग बंद करताना लक्षात आलं.

मालूकाकी कुंपणावरून निशाकडे बघत म्हणाली, "पगारी लेक आनलीस वाटतं!"

"मला नोकरी आहे, काकी."

"मी कुटं काय बोलले?"

आई निशाकडे बघतही नव्हती. "मी काय लुली झाले? हिला घरी पाठव." मी रजा घेऊन थांबेन असं तिला वाटलं असेल. मी शिफ्टला गेले.


शनिवार, ५ एप्रिल

आई तांदूळ निवडत धवला गुणगुणत होती. मी मागे बसले. पाठ करायचा प्रयत्न केला. चाल येते. शब्द राहत नाहीत.

"सोड," ती म्हणाली. "तुजं नाय ते काम." रागाने नाही.

सॉरी म्हणायचं ठरवून बसले होते. तिला ती हळद आठवत असेल का? नसेल तर माफी कशाची मागणार! उठले.


शुक्रवार, ११ एप्रिल

लवकर सुटले. पायरीवर चप्पल काढत होते, तेवढ्यात आतून आईची हाक — "हेतल!"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी स्वयंपाकघरातून निशाने ओ दिली. "आले गो आय!" सवयीने दिली, दचकून नाही.

निशाचं नाव सुटलं म्हणून माझं घेतलं, की तिला निशाच हेतल वाटते? तपासायला आत जाऊन तिच्यासमोर उभं राहणं पुरेसं होतं.

मी पायरीवरच बसले.