तिच्यासाठी बोलायला कोण?

२ फेब्रुवारी

आज पुन्हा कुणी नाही! जागा आदिवासी प्राध्यापकासाठी ठेवलेली, जाहिरात परत एकदा दिली, तरी अर्ज शून्य. घाईसाहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख, जिना उतरतानाही घड्याळ बघतात. म्हणाले, "बाई, या सत्रात भरली नाही तर जागा गेलीच. मग शिकवू आपणच, त्यांच्याबद्दल, त्यांच्यावाचून." हे वाक्य ते चुकून चांगलं बोलून गेले.

डोंगराकडची मुलं वर्गात मागच्या बाकांवर बसतात. मी कुटुंबव्यवस्थेवर बोलायला लागले की एकमेकांकडे बघून हळूच हसतात. त्यांच्यातलेच एक सर मागे इथे होते. वर्षभरात निघून गेले. का गेले, हे कुणी विचारलंच नाही. त्यांचा कप अजून कपाटात आहे. कुणी वापरत नाही, कुणी टाकतही नाही.

मला ही जागा भरूनच जायचंय. 'जायचंय' लिहिलं आणि समोर तळं आलं! ह्यांनी तिकडे घर बांधलंय, पाण्याच्या बाजूला मोठी खिडकी. निवृत्त झाल्यापासून तिथे एकटेच राहतात आणि आज काय करपलं ते फोनवर रंगवून सांगतात. माझाही स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज वर गेलाय. विभागात कुणाला पत्ता नाही, ऑफिसातल्या कारकुनाला तेवढं ठाऊक. सत्र संपलं की मी त्या खिडकीत.

९ फेब्रुवारी

मीटिंगमध्ये मी तळ्यावर होते. "बाई, तुमचं मत?" — "हो," म्हटलं. कशाला हो म्हटलं ते नंतर कळलं. डोंगरावर जाऊन माणूस शोधायचं काम माझ्या गळ्यात!

१५ फेब्रुवारी

बस संपते तिथून चढ. धुकं इतकं की माझेच पाय मला उसने वाटत होते. थांबत, धापा टाकत वर पोचले तर समोर अंगणात गोल करून बायका बसलेल्या, मध्ये एक जण ऐकत होती. नुसती ऐकत होती. नवरा-बायकोचं भांडण होतं, मुलं कुणाकडे राहणार याचं. ती मध्येच एखादा प्रश्न विचारायची आणि परत गप्प. शेवटी दोन्ही घरच्यांनी आपणहून तोडगा काढला. मी पुस्तकातून हेच शिकवते, वर्षानुवर्षं! पण असं घडताना कधी बघितलं नव्हतं.

वस्तीत तिला सगळे 'थोरली' म्हणतात, अगदी म्हातारेसुद्धा. वयाने माझ्या मुलीएवढी. समाजकार्यात डॉक्टरेट आहे, लेख छापून आलेत. सगळं आहे.

"मग अर्ज का नाही केलास?"

"अर्जात स्वतःबद्दल लिहायचं असतं ना," ती म्हणाली. "आमच्यात स्वतःबद्दल आपण बोलत नाही. आपल्यासाठी दुसरं कुणीतरी बोलतं. आणि नुसतं चांगलं नाही, एक दोषही सांगावा लागतो. दोष सांगितला नाही तर बाकीचं खरं धरत नाहीत."

मी हसले. मग हसू विरलं. आपल्याकडे किती जणांच्या गुणगानाची पत्रं मी डोळे झाकून सही करून दिलीत!

अर्ज मी तिच्याजवळ बसून भरून घेतला. पदव्या तिने सांगितल्या. 'स्वतःविषयी' हा रकाना कोराच.

४ मार्च

स्वप्न पडलं. स्टाफरूममध्ये घोट्याएवढं पाणी, आणि सगळे शांतपणे पेपर तपासताहेत. त्या सरांचा कप तरंगत माझ्याकडे आला. मी पाय वर घेतले.

१२ मार्च

मुलाखत. सत्यानाश!

थोरली आली ती आत्याला घेऊन. दारावरचा शिपाई म्हणाला, पालकांनी बाहेर बसावं. आत्या बाहेर बसली. आत थोरली विषयावर सुरेख बोलली. बाहेरून आलेले तज्ज्ञ डुलकी सोडून ऐकायला लागले, यातच सगळं आलं. मग घाईसाहेबांचा ठेवणीतला प्रश्न, "आपली बलस्थानं सांगा."

ती हसली. गप्प.

"बरं, आम्ही तुम्हालाच का घ्यावं?"

"ते मी कसं सांगणार?"

घाईसाहेबांनी पेन खाली ठेवलं. ती गेल्यावर म्हणाले, "आत्मविश्वास नाही." मी म्हटलं, आत्मविश्वास नाही? ती तुमच्यासमोर गप्प बसली, साहेब! तेवढी छाती आपल्या विभागात कुणाची आहे? तज्ज्ञ खोकल्यासारखं हसले. मी त्यांच्यातली सगळी पद्धत समजावून सांगितली. शिफारसपत्रं आपण मागतोच ना, मग तोंडी शिफारस ऐकायला काय हरकत आहे? बरीच ओढाताण झाली. शेवटी, "घ्या पुन्हा पुढच्या आठवड्यात. पण लवकर आवरा!"

१३ मार्च

आत्या आणि थोरली काल माझ्याकडेच उतरल्या. सकाळी आत्या माझ्या स्वयंपाकघरात कट्ट्याला टेकून उभी. मी म्हटलं, आता तुम्हाला आत घेतील, तुम्ही बोला.

"मी नाही. ती ज्या घरात जाणार, त्या घरातलं कुणीतरी बोलायला हवं. मी डोंगरावर. इथे तिचं कोण?" मग आत्या त्या सरांबद्दल बोलली. माझ्या कुळातल्या भावाचा मुलगा, म्हणाली. "त्याच्यासाठी तुमच्यातलं कुणी बोललं नव्हतं. सुटाच आला, सुटाच गेला. परत आल्यावर कितीतरी दिवस नुसता भिंतीकडे बघत बसायचा."

कप आठवला. मला एकदम रडूच आलं. आत्याने पदराने नाही, माझ्याच ओट्यावरच्या फडक्याने माझं तोंड पुसलं!

"तू बोल," म्हणाली. "पण जो बोलतो, तो तिचे पाय रुळेपर्यंत जागचा हलत नाही. कबूल?"

मागे थोरली उभी होती, चहा ढवळत. मी मान हलवली. तळ्याचं काही बोलले नाही. का नाही बोलले? तोंडापर्यंत आलं होतं.

दोष काय सांगायचा? मी म्हटलं, फार काम करते, तब्येतीकडे लक्ष नाही. आत्या उखडली. "हा दोष की हार? खरा सांग." मग खरा तिनेच सांगितला. थोरली लांबून ओरडली, "आत्या, तो नको!" म्हणजे नक्की तोच.

२० मार्च

बोलले. जणू मुलाखत माझीच. थोरलीने अंगणात ते भांडण कसं ऐकलं ते सांगितलं. मग म्हटलं, "दोष सांगते. ही रागावली की भांडत नाही, बोलणंच बंद करते. महिनोन्महिने. सख्ख्या बहिणीशी वर्षभर बोलली नव्हती."

थोरली जमिनीकडे बघत होती, कान लाल.

घाईसाहेब म्हणाले, "मग आमच्या विभागात शोभतील."

निवड झाली! जिन्यात मी तिला मिठी मारली. ती म्हणाली, "आता तुम्ही माझ्या झालात हं." किती साधेपणाने म्हणाली.

२९ मार्च

माझा निवृत्तीचा अर्ज मंजूर झाला. हे फोनवर लहान मुलासारखे ओरडले. खिडकीला पडदे कुठल्या रंगाचे हवेत? मी म्हटलं, निळे.

तिला सांगायला हवं. उद्या सांगते.

६ एप्रिल

नाही सांगितलं. ती खोली शोधत होती, आनंदात होती. मी सोबत हिंडले. एका घराच्या गच्चीवर वारा इतका छान की आम्ही दोघी कामच विसरलो. खाली रस्त्यावरचे आवाज फार लांबून यावेत तसे येत होते. ती म्हणाली, डोंगर दिसत नाही, पण आहे तिकडे, माहीत असलं की पुरतं. मीही तळं असंच बघते. हे तिला सांगितलं असतं तर बाकीचं आपोआप निघालं असतं. उद्या.

१४ एप्रिल

उद्या ती रुजू होणार. कपाटातला तो कप मी घासून ठेवला.

१५ एप्रिल

रुजू व्हायला ती सकाळी ऑफिसात गेली आणि कारकून तिला सहज म्हणाला, "तुमच्या बाई तर चालल्या ना आता!"

दुपारी स्टाफरूममध्ये सगळे चहाला जमले. ती तो कप हातात घेऊन उभी राहिली. म्हणाली, आमच्यात गाठ दोन्हीकडून बांधतात, म्हणून आज मी बाईंसाठी बोलणार आहे. मी धुक्यातून चढत वर आले ते तिने सांगितलं, आत्यासमोर रडले तेही. सगळे हसले. मीही.

मग म्हणाली, "दोष एकच. ह्या जाणार आहेत, आणि मला सांगितलं नाही."

चहा संपवला, कप धुतला, जागेवर ठेवला. त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

१६ एप्रिल

सकाळी ऑफिसात जाऊन निवृत्तीचा अर्ज मागे घेतला; सत्र संपायच्या आत घेता येतो. मग ह्यांना फोन केला. म्हटलं, मी इतक्यात येत नाही. ती खिडकी बंद करून ठेवा, धूळ बसेल.