गाठोड्यापाशी लावलेला दिवा

शिवाजी पेठ, कोल्हापूर
सोमवार

प्रिय बाळासो,

'इकडील सर्व क्षेम' असं लिहून पत्र सुरू करायचं, हे माझ्या वडिलांनी आपल्याकडून कोडोलीच्या शाळेत घोकून घेतलं होतं. क्षेम म्हणजे काय, हे तू तेव्हाही न विचारता चार ओळी उतरवून मैदानावर पळाला होतास. आज पळता येणार नाही. अनुजानं मला कबूल केलंय की पत्र मध्येच न थांबता, मोठ्यानं, शेवटपर्यंत वाचून दाखवीन. तेव्हा पाठ टेकून ऐक. जे जवळ नाही ते मिळवणं म्हणजे योग, आणि मिळालेलं राखणं म्हणजे क्षेम. आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं की ही दोन कामं एका माणसाला क्वचितच जमतात. तुला पहिलं नेहमी जमलं, दुसरं कधीच नाही. पुरावा पाताळात, तिसऱ्या मजल्यावर, ओढ्याच्या कडेला पडलेला आहे.

सूनबाईला हे पाताळ काय ते कळलं पाहिजे, नाहीतर तिला वाटेल सासऱ्यांच्या मित्राचंही काहीतरी बिघडलं. तर अनुजा, टाळेबंदीत कोडोली ते कोल्हापूर रस्ता बंद झाला, तेव्हा तुझ्या नवऱ्यानं, विश्वजितनं, आम्हा दोघांच्या घरी एकेक मशीन धाडून फोनवरून बसवून दिलं. एक डेअरीतून निवृत्त झालेला सुपरवायझर आणि एक संस्कृतचा मास्तर, दोघांच्या कानाला हेडफोन आणि हातात बटणांचा तो ठोकळा, ज्याला तुझे सासरे कायम रिमोटच म्हणत आले. खेळाचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे. बाळासोनं पहिल्याच दिवशी त्याचं पाताळ केलं. कंदील घेऊन भुयारात उतरायचं, वाटा शोधायच्या, कोनाड्यांतून आणि मडक्यांतून कवड्या गोळा करायच्या. त्या जगात कवडी हेच नाणं. दोरी, कंदील, तेल, सगळं कवड्यांवर मिळतं. आणि माणूस पडला, म्हणजे वटवाघळांनी धरला किंवा ओढ्यानं नेला, की त्याच्या अंगावरच्या सगळ्या कवड्यांचं गाठोडं तिथंच राहतं आणि तो स्वतः भुयाराच्या तोंडाशी पुन्हा उठून बसतो. एवढी दया आपल्या खऱ्या जगात नाही. ज्याचं गाठोडं त्यानंच जाऊन उचलायचं, दुसऱ्याच्या हाताला ते लागत नाही. आणि शेजारी दिवा नसेल तर एका दिवसात अंधार ते गिळून टाकतो.

यावर उपाय सोपा होता. भुयाराच्या तोंडाशी एक भलंमोठं कासव बसलेलं असतं. आपल्या देवळात गाभाऱ्यासमोर असतं तसंच, फक्त हे बोलतं. त्याच्या पाठीत तिजोरी. खाली उतरण्याआधी कवड्या त्याच्याकडे ठेवायच्या, दहातली एक ते राखणावळ म्हणून घेतं, बाकीच्या सुखरूप. मी पहिल्या दिवसापासून ठेवत आलो. तू मात्र तीन वर्षांत एकदाही ठेवली नाहीस. मी सांगून थकलो, की बाबा रे, हे कासव आहे, याला कुठं पळून जाता येतंय? त्यावर तू म्हणालास, "दत्तू, कासव असू दे न्हायतर चेअरमन. एकदा मुंडकं आत घेतलं की पायबी दिसत न्हाईत." ज्या पतसंस्थेत तुझे पैसे बुडाले, तिथं तुला स्कूटरवर बसवून मीच घेऊन गेलो होतो. दीड टक्का व्याज जास्त, शिवाय चेअरमन आमच्या पेठेतला, तालमीच्या फुटबॉल संघाला दरवर्षी बूट देणारा, एवढ्यावर मी त्याची हमी दिली होती. पैसे बुडाल्यावर तू मला एका शब्दानं बोलला नाहीस. फक्त खेळातल्या कासवाला दोन पिढ्यांच्या शिव्या घालत राहिलास. मला कळत होतं त्या कुणाच्या वाटणीच्या आहेत ते.

तर त्या रविवारी तू चारशे तीस कवड्या कनवटीला मारून खाली उतरलास. शहाणा माणूस दहा घेऊन उतरतो. तिसऱ्या मजल्यावर, ओढ्याच्या अलीकडे, तू उभा राहिलास तो राहिलासच. वटवाघळं आली. तू पडलास. गाठोडं राहिलं. मी चिडून माझा दिवा त्याच्यापाशी ठेवला आणि म्हटलं, पडू दे इथंच, संध्याकाळी येऊन घेईल स्वतःचं स्वतः.

त्याला आज एकाहत्तर दिवस झाले. दिवा अजून तेवतोय. एका दिवसाच्या तेलाला कासव नऊ कवड्या घेतं, त्यामुळं रोज खाली उतरून तेल घालणं आलं. सकाळी सातला चहा, मग पाताळ, मग अंघोळ. आमच्या स्वयंपाकाच्या बायडाबाईला आधी वाटलं मी कसलीशी परीक्षा देतोय. मग तिनं एकदा पाठीमागं उभं राहून सगळं बघितलं आणि म्हणाली, "सर, घरातल्या द्येवाला चार दिस झालं वात न्हाय, आणि तितं पाताळात नंदादीप व्हय?" मी म्हटलं, देवाचं काही कुठं पडलेलं नाही. ती कपाळावर हात मारून पीठ मळायला गेली. पण तेव्हापासून आल्या आल्या चप्पल काढायच्या आधी विचारते, "लावला न्हवं दिवा?" देवाला वात आता तीच लावते.

आता गंमत ऐक. तुझ्या गाठोड्यात चारशे तीस कवड्या आहेत, आणि ते राखायला मी आजवर सव्वासहाशेच्या वर तेलात घातल्या. म्हणजे ज्यानं जन्मभर वर्गात विवेकाचे पाठ दिले त्यानं कुंपणाला शेताहून मोठं केलं. तुझ्या बापाच्या भाषेत सांगायचं तर आठ आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तीन वर्षं पै पै करून कासवाकडे ठेवलेली माझी पुंजी आता नव्वदवर आली आहे. म्हणजे दहा दिवसांचं तेल. नवीन मिळवायच्या म्हटल्या तर वरचे तीनही मजले मी झाडून काढलेत, मडकं म्हणून शिल्लक नाही. चौथ्या मजल्याच्या दाराला दोन बाजूंना दोन साखळ्या, आणि त्या दोघांनी एकाच वेळी ओढायच्या असतात. मी एक ओढून पळत दुसरीकडे जाऊन पाहिलं. चौदा वेळा. वयाच्या बासष्टाव्या वर्षी. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

बाकी घरचं म्हणशील, तर आमची ही अजून बंगळूरलाच आहे. अवनीच्या बाळंतपणाला सहा महिन्यांसाठी म्हणून गेली होती. आता नातवाला दात आले, तो चालायला लागला, आणि तो शाळेत जाईपर्यंत ही काही हलणार नाही, असं दिसतंय. रोज फोन करते, दही विरजलं का विचारते. मी हो म्हणतो. एका माणसाला दही किती लागतं? गेल्या रविवारी तालमीचा संघ जिंकला. पेठेत गुलाल उधळला, पोरांनी गाड्यांचे आवाज काढून कान किटवले. मी खिडकीत उभा राहून पाहत होतो आणि सवयीनं हेडफोन कानाला लावून म्हणालो, ऐकलंस का रे. मग आठवलं. गेली काही वर्षं रविवारी दहाला माझ्याशी भांडणारा एकच माणूस होता. विद्यार्थी नमस्कार करतात, शेजारी सर सर करतात, पण "दत्तू, तुला गाढवाइतकीबी वाट कळत न्हाय" असं म्हणणारं या गावात आता कुणी उरलं नाही. आदराला फार पथ्य पाळावं लागतं रे. त्यानं पोट भरत नाही.

तुला इस्पितळात भेटायला आलो, तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून होतास. वहिनी म्हणाल्या, तोंड वाकडं झालंय म्हणून कुणाकडं बघत नाहीत. मी पिशवीतली मोसंबी बाहेर काढली, टेबलावर ठेवली, पुन्हा पिशवीत भरली. पंधरा मिनिटं मी त्या मोसंब्यांबद्दल बोललो असेन. मग तुला विश्वजितकडे पुण्याला नेलं. तिथं दहाव्या मजल्यावरून म्हणे डोंगर दिसतो. अनुजा फोन तुझ्या कानाला लावते, मी औषधं घेतोस का, व्यायाम करतोस का असं आकाशवाणीसारखं बोलतो आणि ठेवून देतो. तू आवाज काढतोस. मला तो कळत नाही, आणि पुन्हा म्हण, असं सांगायची माझी हिंमत होत नाही. ती का होत नाही, ते फोनवर सांगता येईना, म्हणून हे पत्र.

बाळासो, त्या रविवारी तू पडायच्या आधी माझ्याशी बोलला होतास. ओढ्यापाशी तुझा माणूस थांबला तेव्हा हेडफोनमध्ये तुझा आवाज आला. जड, तोंडात काहीतरी धरल्यासारखा. दोनदा आला. मला वाटलं, वहिनी रानात गेल्यात हे बघून तू तंबाखूचा बार भरलास आणि आता तोंड उघडता येईना. मी हसलो. म्हटलं, "म्हसोबा, आधी थुंकून ये, मग बोल." तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा वटवाघळं तुझ्यावर होती आणि मी वैतागलो होतो. म्हटलं, "बस मग तोंड भरून," आणि कानातलं काढून ठेवलं. फवारणीचा पंप परत द्यायला शेजारचा आकाराम तुझ्या घरी आला आणि त्यानं तुला जमिनीवर पाहिलं, ते त्यानंतर चाळीस मिनिटांनी. मी तोपर्यंत एक मोसंबं सोलून खाल्लं होतं आणि केसरी भात करायला टाकला होता. डॉक्टर म्हणाले, अर्धा-पाऊण तास आधी आणलं असतं तर हात वाचला असता. हे ते विश्वजितला म्हणाले, मी मागं उभा होतो. तुला त्या दिवसाचं काय आठवतं, मला माहीत नाही. आठवत असेल तर भिंतीकडं तोंड करणं बरोबरच होतं. आठवत नसेल तर आता कळलं. अनुजा, तूही ऐकलंस. विश्वजितला आणि वहिनींना सांग, मी सांगायला सांगितलंय म्हणून.

आता कामाचं. तुझं मशीन पुण्यात खोक्यात बांधून ठेवलंय असं कळलं. ते येत्या रविवारी सकाळी दहाला उघडायला लाव. तू भुयाराच्या तोंडाशी उठशील, तिथं कासवाशेजारी मी उभा असेन. तुला काही चालवायचं नाही. या खेळात सोबत्याचा हात धरून न्यायची सोय आहे. तीन वर्षांत तू मला ती एकदाही वापरू दिली नाहीस. "हात धराया मी काय नवरी हाय व्हय?" म्हणायचास. या रविवारी हो नवरी. वाट मी रोज पायाखाली घालतो, वटवाघळं कुठल्या खांबाआडून येतात ते मला आता डोळे मिटूनही ठाऊक आहे. तुला गाठोड्यापाशी उभं करीन. तिथं फक्त एक बटण, डाव्या अंगठ्याखालचं, दाबून धरायचं. अनुजानं तुझा अंगठा तिथं ठेवून द्यावा, जोर मात्र तुझाच पाहिजे, कारण दुसऱ्याच्या हाताला ते लागत नाही. पहिल्या फेरीला जमलं नाही तर दुसऱ्या, नाहीतर दुपारी. तेल त्याच्या पुढच्या गुरुवारपर्यंत आहे. त्यानंतर कवड्या कासवाकडे ठेव किंवा कनवटीला बांधून पुन्हा ओढ्यात घाल, मी चकार शब्द काढणार नाही. आणि हेडफोन कानाला लावून ठेव. बोलायला पाहिजे असं नाही, आवाज आला तर येऊ दे, मला कळेपर्यंत मी पुन्हा पुन्हा विचारीन. तू कितीही वेळ गप्प राहिलास तरी या खेपेला मी कानातलं काढणार नाही.

तुझाच,
दत्तू